चार पान्यांचा वासूमेस्त्री

आमच्या रस्ता समितीच्या पत्रकात वासूमेस्त्रींचं नाव छापून आलं, ते मी लिहिलं होतं. "रस्त्याच्या मागणीला खीळ घालणारे गॅरेजवाले" असं शीर्षक, आणि खाली नावानिशी तीन ओळी. पत्रकात खुलासा छापायची आमच्यात पद्धत नाही. चुकलो तर पुढच्या पत्रकात दुसऱ्याच कोणावर तरी तुटून पडायचं, ही पद्धत. म्हणून हे वेगळं लिहितोय. शिवाय पत्रकाच्या दोन पानांत हा माणूस मावतही नाही.

मिरकरवाडा बंदराकडे उतरताना बर्फाच्या कारखान्यामागे त्यांची पत्र्याची शेड. पाटी नाही. दारात जाळी वाळत घातलेली, आणि जाळ्यांच्या शेजारी पुण्या-मुंबईच्या नंबरप्लेटच्या धिप्पाड अ‍ॅडव्हेंचर बाईक. ते दृश्य पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझं डोकंच फिरलं. इथे एका वाडीला चालण्यापुरता रस्ता मिळावा म्हणून आमचे अर्ज टेबलाटेबलावर मरतायत, आणि ही मंडळी चांगलं डांबर सोडून कातळावर आपटायला पैसे मोडून येतात. हौस म्हणून. मी हे मेस्त्रींना तोंडावर बोललो. ते चाकाखाली वाकलेले होते, मान वर न करता म्हणाले, "त्यांना खड्डे हवेत, तुला नकोत. दोघांची गाठ घालून द्यायला हवी."

तेव्हापासून मी त्यांच्यासाठी 'पत्रकवाल्या' झालो. माझं खरं नाव त्यांनी कधी विचारलं नाही.

बुटका, रुंद माणूस. कानामागे तारेचा एक वाकडा तुकडा कायम खोवलेला; कार्बोरेटर साफ करायला म्हणून ठेवलेला तो पुढे कार्बोरेटरवाल्या गाड्या येईनाशा झाल्या तरी तिथेच राहिला. पूर्वी वीसेक वर्षं ते ट्रॉलरच्या इंजिनावर होते. एकदा भर समुद्रात इंजिन बंद पडलं. दोष सापडला, फक्त एक नट सोडवायचा होता, आणि त्या नटाला लागणारा एकुलता एक पाना हातातून निसटून बोटीच्या तळातल्या तेलकट पाण्यात गेला. अर्धा दिवस बोट वाहवत राहिली, शेवटी दुसऱ्या बोटीने ओढून आणली. बोटीच्या तांडेलाबद्दल, म्हणजे कप्तानाबद्दल, मेस्त्री सांगत, "तांडेल एक शब्द बोलला नाय. नुसता बघत होता. शिव्या घातल्यान असत्या तर बरं झालं असतं."

बंदर सोडून मोटरसायकलींत आले तरी तो पाना त्यांच्या डोक्यातून गेला नाही. हातात आलेल्या प्रत्येक गाडीचे नट-बोल्ट ते बदलत. कंपनीने कुठे चांदणीसारखं तोंड, कुठे षटकोनी भोक असे नाना प्रकार केलेले असतात. मेस्त्री ते काढून साधे बोल्ट बसवत, म्हणजे रस्त्यात लागेल ते सगळं आठ, दहा, बारा आणि चौदा नंबरच्या चार पान्यांत उघडेल. हे चार पाने ताडपत्रीच्या गुंडाळीत घालून ती गुंडाळी ते सीटखाली बांधून देत. चाक काढायचा मोठा पाना पाचवा असे. तो ते मोजत नसत. "तो पाना कुठं हाय, तो तर हातोडा हाय," म्हणत.

त्यांचं गाडी तपासणं बघण्यासारखं होतं. पान्याच्या टोकाने चाकाचा एकेक स्पोक वाजवायचे, डोळे मिटून. टिंग, टिंग, टिंग, टक. टकला थांबायचे. तो स्पोक ढिला. बंदरावर लिलावाचा कलकलाट चालू असला तरी त्यातून त्यांना ते टक ऐकू येई. कोणी त्या वेळी बोललं तर डोळे न उघडता हात वर करत, वर्गातल्या मास्तरासारखा.

आणि मग त्यांचा नियम. गाडी कोणाचीही असो, केवढीही असो, काम हातात घेण्याआधी मालकाने ती शेडमागे गोणपाटावर आडवी करायची आणि एकट्याने उचलायची. उचलली तर काम घेणार, नाही तर नाही. काम झाल्यावर गाडी पुन्हा आडवी होई. आधी मेस्त्री स्वतः उचलत, मग मालक. या वेळी कोणी मदतीला पुढे झालं की ते खवळत. म्हणत, "रानात हा कोण येणार हाय उचलायला? तू येणार हायस?"

पुण्याच्या एका गृहस्थांचा किस्सा माझ्यासमोरचा. गाडी म्हणजे हत्ती. मागे अ‍ॅल्युमिनियमच्या तीन पेट्या, पुढे चार दिवे, टाकीवर जगाचा नकाशा चिकटवलेला. त्यांना इंजिनाखाली जाड पत्र्याची ढाल आणि आणखी दोन दिवे हवे होते. मेस्त्रींनी गोणपाट दाखवलं. गृहस्थ हसले. म्हणाले, "मेस्त्री, ही गाडी माझ्या हातून अजून एकदाही पडलेली नाही."

"मग ती अजून कुठं गेलेली नाय," मेस्त्री म्हणाले.

शेवटी गाडी आडवी झाली. गृहस्थांनी जोर केला, कमरेला हात लावला, आजूबाजूला बघितलं. कोळणी डोक्यावर टोपल्या घेऊन थांबून बघत होत्या, एकीने विचारलंही, "दादानू, जीव हाय ना तिच्यात?" तासाभराने त्यांनी स्वतःहून पेट्या सोडवल्या, एक दिव्याचा सांगाडा काढला, आणि गाडी उभी राहिली. ते घामाने निथळत होते. मेस्त्रींनी त्यांच्या हातात पाण्याचा तांब्या दिला आणि म्हणाले, "बघा, अर्धं काम तुम्हीच केलंत." जाता जाता टाकीवरचा नकाशाही मेस्त्रींनी नखाने सोलून काढला. वजन नाही त्याचं, असं गृहस्थ कुरकुरले. मेस्त्री म्हणाले, "वजन नाय, पण खोटा हाय."

मला हा माणूस आवडायला लागला होता, हे कबूल करतो. तेवढ्यात प्रणाली सिस्टर आल्या आणि आमचं बिनसलं.

आता वाडीचं सांगायला हवं, कारण सगळं तिच्यावरून झालं. पावस गावाच्या बाजूला आत, सड्यापलीकडे, म्हणजे कातळाच्या पठारापलीकडे, ती पंचवीसेक घरांची वाडी आहे. डांबरी रस्ता जिथे संपतो तिथून आधी घाटी चढायची, मग उघडा कातळ ओलांडायचा, मग पऱ्यात उतरायचं, म्हणजे ओढ्यात, आणि पुन्हा चढायचं. पावसाळ्यात कातळावर शेवाळ धरतं आणि पऱ्या गुडघ्याच्या वर येतो. आजारी माणूस खुर्चीला बांबू बांधून चौघांच्या खांद्यावर खाली येतो. वाडीतले चार धडधाकट खांदे बहुतेक मुंबईला असतात, त्यामुळे गणपती आणि शिमगा सोडून आजारी पडायची सोय नाही. हे मी पत्रकात लिहिलं होतं आणि आजही यातला शब्द बदलणार नाही.

प्रणाली सिस्टर त्या भागाच्या आरोग्यसेविका. वाडीत लसीकरण, बाळंतिणी, गरोदर बायका, म्हाताऱ्यांची औषधं, सगळं त्यांच्याकडे. दोन तास चालत जायच्या, लसींचा थंड डबा खांद्याला. त्यांच्या मुंबईच्या भावाने हौसेने दोनशे सीसीची अ‍ॅडव्हेंचर बाईक घेतली होती. चाळीखाली ती उभी करायला जागा मिळेना, म्हणून त्याने ती गावी आणून टाकली. सिस्टरनी ती चालवायला घेतली आणि एक दिवस थेट मेस्त्रींच्या शेडसमोर आणून उभी केली. उंची जेमतेम पाच फूट. गाडीवर बसल्या की पायांची फक्त बोटं टेकत.

मेस्त्रींनी गोणपाट दाखवलं. सिस्टर दोनदा हरल्या. तिसऱ्यांदा मेस्त्रींनी, माझ्या माहितीत पहिल्यांदाच, कोणाला तरी युक्ती सांगितली. तोंड गाडीकडे नको, पाठ गाडीकडे कर. सीटला टेकून बस. एक हात हँडलला, एक मागच्या दांडीला. आता हाताने उचलू नको, पायाने मागे चाल. सिस्टर मागे चालल्या आणि गाडी उभी राहिली.

"बाय, गाडी तुजी," मेस्त्री म्हणाले.

मग त्यांनी ती गाडी वाडीसाठी घडवली. खाली पत्र्याची ढाल, तांबड्या चिखलाने चाक जाम होऊ नये म्हणून पुढचा मडगार्ड वर. क्लचच्या चालू केबलला चिकटूनच दुसरी नवी केबल टाकून ठेवली. पहिली तुटली की फक्त टोकं बदलायची. ब्रेक-क्लचचे दांडे मुद्दाम घट्ट आवळले नाहीत, गाडी पडली तर ते मोडण्याऐवजी फिरावेत म्हणून. सीटखाली हातपंप बांधला, कातळावर चढताना हवा कमी करायची आणि डांबरावर आल्यावर भरायची म्हणून. लसींच्या डब्यासाठी ट्रकच्या ट्यूबच्या पट्ट्यांची झोळी केली. तीत डबा असा टांगला की गाडी आदळली तरी डबा नुसता झुलावा.

एक चूक मात्र केली. दगड लागू नयेत म्हणून त्यांनी गाडी आणखी दोन बोटं उंच केली. सगळे रायडर तेच मागतात, हात तिकडेच गेला. पहिल्याच फेरीला सिस्टर पऱ्यात थांबल्या, पाय टेकायला गेल्या, आणि खाली पाणीच होतं. गाडी पडली, कोपर सोलपटलं, डबा वाचला. मेस्त्रींना कळलं तेव्हा ते दुसऱ्या दिवशी एस.टी.ने उपकेंद्रात गेले आणि रांगेत बसलेल्या बायांसमोर म्हणाले, "चूक माजी हाय. मी पुरुषांची गाडी केली." मग गाडी तीन बोटं खाली आणली, सीटचा फोम कापला. त्यानंतर सिस्टरचे दोन्ही पाय पूर्ण टेकले. ढालीला दगड जास्त लागायला लागले. "लागू देत," मेस्त्री म्हणाले. "गाडीला उंची कशाला? बायला जमीन हवी."

चूक कळताच माणसांत जाऊन ती सांगणारा मी दुसरा पाहिलेला नाही. आमच्या समितीत तर नाहीच.

आता आमची भानगड. माहितीच्या अधिकारात मी वाडीच्या रस्त्याची फाईल मागवली होती. तीत एका साहेबांचा शेरा निघाला: "आरोग्यसेविका दुचाकीने नियमित ये-जा करीत असल्याने सदर वाडी संपर्कात असून, सबब रस्त्याची निकड प्रथमदर्शनी दिसून येत नाही." मी तो कागद घेऊन तसाच बंदरावर गेलो. मेस्त्रींच्या नाकासमोर धरला. म्हटलं, हे तुमचं काम. तुम्ही गाडी चढवलीत आणि रस्ता खाली बसवलात. सरकारला कारण हवं होतं, ते तुम्ही पान्याने आवळून दिलंत.

त्यांनी कागद दोनदा वाचला. बोटाचं ग्रीस कडेला लागलं.

"रस्ता कधी होणार?" त्यांनी विचारलं.

ते मी कसं सांगणार, म्हटलं. लढतोय.

"लढ. तवर बायने काय करावं?"

 उत्तर नसलं की मी पत्रक काढतो. ते काढलं. त्यात "खीळ" हा शब्द माझा. बंदरावर, एस.टी. स्टँडवर, पावसच्या बाजारात वाटलं. मेस्त्रींच्या शेडच्या दारातही कोणीतरी खळ लावून चिकटवलं. त्यांनी ते काढलं नाही. मी दारात गेल्यावर फक्त एवढंच म्हणाले, "खळ चांगली हाय तुमची."

पावसाळा सरता सरता आम्ही घाटीच्या पायथ्याशी धरणं धरलं. चौथ्या दिवशी शेरा मारणारे साहेब पाहणीला आले. तरुण, नीटनेटके, बोलण्यात उर्मटपणा अजिबात नाही. त्याचाच मला जास्त राग आला. ते म्हणाले, मी खोटं लिहिलेलं नाही, गाडी जाते हे तुम्हीही नाकारत नाही. "मी स्वतः मोटरसायकल चालवतो," असंही वर म्हणाले. यावर घोषणा कसली देणार? जात होती ना गाडी.

तेवढ्यात ती गाडीच आली. सर्व्हिस करून मेस्त्री ती सिस्टरना पोचवायला आले होते; सिस्टर लसींचा डबा घेऊन पायथ्याशीच वाट बघत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, गाडीची चावी काढली आणि साहेबांपुढे धरली. म्हणाले, "चला की साहेब. तुम्ही चालवा, आम्ही चालत येतो." माझा जळफळाट झाला. वाटलं, हा माणूस आता साहेबांना वाडीत नेऊन चहा पाजणार आणि आमची फाईल कायमची बंद.

साहेब खरोखर चांगले चालवत होते. घाटी चढले, कातळावर थोडे घसरले पण सावरले. आम्ही मागून धापा टाकत. पऱ्याच्या उतारावर मेस्त्रींनी त्यांना थांबायला सांगितलं. ओल्या कातळाचा तो तिरपा उतार, खाली पाण्याचा आवाज. मेस्त्रींनी इंजिन बंद केलं आणि गाडी सावकाश आडवी केली. चाकं चढाच्या बाजूला, हँडल उताराच्या.

"आता उचला साहेब," ते म्हणाले.

साहेबांनी आधी थट्टा समजली. मग बूट रोवून जोर लावला. गाडी वर यायच्या ऐवजी उताराकडे सरकली. पुन्हा लावला. त्यांच्याबरोबरचा शिपाई पुढे झाला, तर मेस्त्रींनी हात आडवा घातला. नियम तो नियम. साहेबांचा शर्ट तांबडा झाला होता. पाच-सात मिनिटांनी ते उभे राहिले आणि म्हणाले, हे शक्य नाही.

मेस्त्रींनी सिस्टरकडे पाहिलं. सिस्टरनी डबा खाली ठेवला, ओढणी कमरेला बांधली. आधी त्यांनी गाडी उचललीच नाही. पुढचं चाक धरून आडवी गाडी कातळावर फरफटवत अर्धी फिरवली, चाकं उताराकडे येतील अशी. मग गियर टाकला. पाठ लावून सीटला टेकल्या, आणि एक एक पाऊल मागे चालत गाडी उभी केली. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळे कातळावर रोवलेल्या त्यांच्या टाचांकडे बघत होते.

"हितं गाडी येत नाय साहेब," मेस्त्री म्हणाले. "हितं ही बाय येते. गाडी तिच्यासंगं येते. आता ती पोटुशी राहिली, नायतर तिची बदली झाली, तर तुमचा शेरा कोण उचलणार?"

मी इतकी पत्रकं लिहिली. त्यांतल्या एकाही ओळीने साहेबांना खाली बघायला लावलं नव्हतं.

तो शेरा फाईलमधून खोडला गेला. खोडून नवा लिहिला गेला, त्याची नक्कल माझ्याकडे आहे. मशिनं आली, घाटी फोडली, कातळावर खडी पडली. आज पऱ्यापर्यंत जीप जाते. पऱ्याच्या अलीकडे रस्ता थांबलाय. साकव, म्हणजे छोटा पूल, मंजूर आहे, साकव कागदावर आहे, पाणी मात्र खरं आहे. म्हणजे शेवटच्या टप्प्याला अजून तीच गाडी, तीच सिस्टर. हे मी इथे मुद्दाम लिहितोय. व्यक्तिचित्रात मागण्या लिहीत नाहीत म्हणे. मी लिहितो.

मेस्त्रींना मी शेवटचं शेडमध्ये पाहिलं ते गेल्या जूनच्या तोंडाशी. पावसाळ्याआधी सिस्टरनी गाडी तपासायला आणली होती. मेस्त्रींनी दोन दिवस काम केलं. नवी केबल, नव्या ट्यूबची झोळी, ढालीला मधोमध पडलेली चीर वेल्डिंग करून बुजवली. मग गाडी गोणपाटावर आडवी केली, पाठ लावून बसले, आणि मागे चालायला लागले.

गाडी हातभर उठली आणि खाली बसली.

त्यांनी श्वास घेतला. पुन्हा केलं. पुन्हा तेच. मधल्या काळात त्यांच्या छातीचं काहीतरी झालं होतं, मुलीने जड उचलू नका म्हणून बजावलं होतं, ते आम्हाला नंतर कळलं. मी नकळत एक पाऊल पुढे टाकलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी थांबलो. सिस्टर तर जागच्या हलल्याच नाहीत, हात मागे बांधून उभ्या. मला तेव्हा त्यांचा राग आला होता. आता वाटतं, त्या शेडमध्ये नियम फक्त त्यांनाच पूर्ण कळला होता.

तिसऱ्यांदा ते बसलेच नाहीत. बाजूला झाले. म्हणाले, "बाय, उचल."

सिस्टरनी एका दमात उचलली.

मेस्त्रींनी सीटखालची ताडपत्रीची गुंडाळी सोडवली. त्यातले चार पाने काढून पुसले, परत घातले आणि गुंडाळी सिस्टरच्या हातात दिली. म्हणाले, जी गाडी मला उचलत नाय ती मी तपासून दुसऱ्याच्या हातात द्यायची नाय. ह्याच्यापुढं तूच बघायची. मग आठ नंबरचा पाना तेवढा पुन्हा काढायला लावला आणि स्वतः माशांच्या पालथ्या घातलेल्या क्रेटवर जाऊन बसले. "वाजव," म्हणाले.

सिस्टर चाकाशी उकिडव्या बसल्या. बाहेर लिलाव चालला होता, बर्फ फुटत होता, कोणाचं तरी भांडण जुंपलं होतं. टिंग, टिंग, टिंग. मेस्त्रींनी डोळे मिटले. मी काहीतरी विचारायला तोंड उघडलं, तर डोळे न उघडता त्यांनी हात वर केला.

टिंग, टिंग, टक.

सिस्टर थांबल्या आणि त्यांच्याकडे बघू लागल्या. मेस्त्रींनी डोळे मिटलेलेच ठेवले. सिस्टरनी मग स्वतःच तो स्पोक धरला आणि आवळायला घेतला.